न झालेल्या प्रयोगाची खूण

जिवाणूंमधलं कोणतं एन्झाइम कोणतं अँटिबायोटिक निकामी करतं, याच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसवर ती अकरा वर्षं काम करत होती. जगभरचे शोधनिबंध वाचायचे, एन्झाइमची नोंद करायची आणि शेवटी खूण करायची: 'प्रयोगाने सिद्ध' किंवा 'साम्यावरून अंदाज'. तिच्या नजरेतून चूक सुटत नाही म्हणून ऑफिसात सगळे तिला चाळणीबाई म्हणत. तिला ते आवडायचंही.

एके दिवशी दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेतली एक संशोधक मुलगी वही छातीशी धरून दारात उभी राहिली.

"ताई, तुमच्या नोंदीप्रमाणे हे एन्झाइम औषध मोडतं. चौदा महिने झाले, माझ्याकडे काही मोडतच नाही. सर म्हणतात, माझ्या हातातच दोष आहे. कुठे चुकतंय, तेवढं दाखवाल?"

तिने नोंद उघडली. खाली तिचंच नाव. मूळ निबंध काढला. त्यात प्रयोग नव्हताच. रचना औषध मोडणाऱ्या दुसऱ्या एका एन्झाइमशी जुळते, एवढंच म्हटलं होतं. मुदतीच्या घाईत नुसता सारांश वाचून तिनेच 'प्रयोगाने सिद्ध' ठोकून दिलं होतं. तिचे कान तापले.

"वही ठेवून जा. बघून कळवते," एवढंच ती बोलली.

मुलगी गेल्यावर तिने गुपचूप खूण बदलली. चार दिवसांनी मेल आला: 'नोंद बदललेली दिसली. सर म्हणतात, नोंद बदलल्याने माझा हात सुधारत नाही. मी विषय सोडतेय. वही परत पाठवाल?'

जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"मग फोन कर की त्या सरांना."

"कुठल्या तोंडाने करू?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

सकाळी तिने फोन लावला. "चूक माझी आहे, सर. मुलीचा हात चोख आहे." फोन ठेवून तिने नोंदीखाली स्वतःच्या नावानिशी चूक लिहिली आणि वही घेऊन स्वतः त्या गावी गेली.

माफी मागितल्यावर मुलगी वहीचे कोपरे सरळ करत राहिली. "चौदा महिने मी रोज स्वतःलाच नावं ठेवली, ताई."

मुलीने विषय सोडला नाही; तिचे निष्कर्ष त्या नोंदीतला पहिला खरा पुरावा ठरले. चाळणीबाईंनी मात्र त्या मुदतीच्या घाईत केलेल्या आपल्या सगळ्या नोंदी पुन्हा वाचायला काढल्या. आणखी सहा तशाच निघाल्या.