रंगवलेली शिंगं

अन्याय माझ्या आत्यावर झाला. कधी, तेही सांगतो: बुळकांडीच्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या चावडीत.

त्या साली ह्या रोगानं गोठे रिकामे केले. आत्याच्या जोडीतला डावा बैल पोळ्याच्या तोंडावर गेला. त्याची घुंगरमाळ मला अजून ऐकावीशी वाटते. मानवतला कापूस घालून गाडी परतली की शिवेपासूनच ती वाजायची आणि आत्या तव्यावर भाकरी टाकायची.

बैल गेला तेव्हा आत्यानं त्याचा पोळा आधीच केला. खांदे हळद-लोण्यानं मळले, शिंगांना हिंगूळ लावला, पुरणाचा घास ओठांना टेकवला. गावरीतीनं कातडं ज्यांच्या हक्काचं, त्यांच्या घरी कातड्याच्या बदली ज्वारी पोचती केली आणि बैल आख्खा बांधाच्या लिंबाखाली पुरला. सारं गाव मातीला होतं.

मग दवंडी आली. ज्यांची जनावरं मेली त्यांना रब्बीच्या पेरणीआधी बैल घ्यायला सरकार इमदाद, म्हणजे पैशाची मदत, देणार. सबूत म्हणून शिंगं दाखवायची. बाकीच्यांच्या जनावरांची शिंगं गावाबाहेर उघडीच पडली होती, ती त्यांनी वेचून आणली. आत्या रिकाम्या हातानं गेली.

चौकशीला तालुक्याहून गिरदावर, महसुलाचा अंमलदार, आला होता. शिंगं बैलासंगं पुरलीत, असं आत्यानं म्हटल्यावर तो बसल्या जागेवरून म्हणाला, उकरून आणा. पाटील हसला. "आक्का, दोन हात माती तर हाय. नवा बैल मिळायलाय, अन् तुमी मातीला भेता व्हय?"

आत्या पदर सावरत म्हणाली, "पाटील, त्याला मी नटवून निजवलंय. आता उठवायची न्हाई. हे समदे मातीला आलते, त्यांला इचारा."

गिरदावरनं सगळ्यांकडं पाहिलं. गाव खाली बघत बसलं. बोललो तर आपली इमदाद अडकंल, ही प्रत्येकाला भीती. बैल मेल्याचं साबीत नाही, असं ठरवून त्यानं पुढच्याला हाक मारली.

एका बैलावर तिफण चालत नाही. आत्यानं सावडीला बैल मागून पाहिला, पण ज्याची त्याची पेरणी उरकेपर्यंत वाफसा, रानातली पेरणीजोगी ओल, कुणासाठी थांबतो? रान पडीक राहिलं. उरलेला बैल रिकाम्या दाव्याकडं तोंड करून उभा असायचा. आत्याही तिथंच बसायची.

आता मी परभणीत शेतकऱ्यांच्या बाजूची पत्रकं वाटतो. रस्त्यानं घुंगरं वाजली की हात थांबतो, कान शिवेवर जातात. गाडी दुसऱ्याचीच असते.

तुमच्याही चावडीत गिरदावर येईल, पुरलेल्या जनावराची शिंगं मागेल. तेव्हा खाली बघू नका. आख्ख्या गावानं उभं राहा आणि सांगा: आमी पाहिलंय, लिहा.