पोट माझं, उत्तरं यांची

सुमन, इकडे कान दे पोरी. कल्याणला आहेस म्हणून वाचलीस, नाहीतर समोर बसवून बोलले असते. वजनाच्या ऑपरेशनची तारीख घेतलीस आणि आत्याला ते कळतं शेजारणीकडून? राग आलाय मला. पण तुझ्यावर थोडाच, बाकीचा जुना आहे. तो आज लिहूनच काढते, तुझ्यासारख्या आणखी कुणाला उपयोगी पडला तर पडला.

मला डॉक्टरांनी डायबेटीस सांगितला, म्हणजे रक्तात साखर. गुडघे त्याआधीच गेलेले. खाली बसले की उठवायला माणूस लागायचं. औषधांनी वजन उतरेना, तेव्हा त्यांनीच मुंबईच्या सर्जनकडे पाठवलं.

तिथे तपासण्या झाल्या. ताटकळत बसणं झालं. मग सर्जननी समजावलं. गॅस्ट्रिक स्टेपलिंग, म्हणजे जठराला पिना मारून वर एक लहान पिशवी करायची. चार घासांत पोट भरतं. जास्त गेलं तर उलटी. गोळ्या आणि तपासण्या जन्मभर. धोकाही सांगितला, लपवला नाही.

मग विचारलं, दिवसातून किती वेळा जेवता? मी तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, दोनदा. नणंद सोबत आलेली, ती म्हणाली, भात मात्र फार लागतो हिला.

"मी त्यांना विचारतोय," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा कुठे मी बोलले. सासूबाईंची रीत अशी, की लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, राबणाऱ्या माणसाने एकट्याने जेवायचं नाही. घरच्या बाईने ताट घेऊन सोबत बसायचं. तिघांच्या ड्युट्या तीन. हे दुपारी यायचे, मुलगा संध्याकाळी, दीर रात्रपाळीला निघायच्या आधी जेवायचे. प्रत्येकासोबत मी बसायची. पोरांसोबतचं माझं जेवण वेगळंच. त्या तीन ताटांना कुणी जेवण म्हणतच नव्हतं. मीही त्याला ‘सोबत’ म्हणायची.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर हे बंद करावं लागेल.

त्यावर यांनी काय विचारावं? "पण टाके घातल्यावर बसली तर काय हरकत आहे, डॉक्टर? मग खाणारच कमी ना."

माझ्या अंगाची लाही झाली. माझं पोट कापायचं ते यांची रीत मोडू नये म्हणून! मी तिथेच यांना म्हणाले, "आधी तुम्ही एकट्याने जेवायला शिका. माझ्या पोटाचं मग बघू."

"घाई नाही," डॉक्टर म्हणाले. "विचार करून या. एकट्या आलात तरी चालेल."

घरी सोबत बसणं मी बंद केलं, तर दिराने ताट बाजूला सारलं. "वहिनी, एकट्याला घास उतरत न्हाय." म्हटलं, रेडिओ लावा. नणंद महिनाभर बोलली नाही, घरात तेवढीच शांतता.

साखर आटोक्यात आली. वजन थोडंच उतरलं, गुडघे अजून रडवतात. ऑपरेशन मी केलं नाही. पण तूही करू नकोस, असं नाही म्हणत. मुंबईच्या त्या दवाखान्यातल्या बाकावर एक बाई भेटली होती. आधी धापेने तिला आडवं होता येत नव्हतं. ऑपरेशन केलं आणि आता जिना चढून तपासणीला आली होती. तिला ते हवंच होतं, आणि तिने स्वतः ठरवलं होतं.

तुझं कुणी ठरवलं? तुझी सासू म्हणते, वजन उतरलं की मूल राहील. नवरा म्हणतो, चारचौघांत बरं दिसेल. तू काय म्हणतेस, ते मला अजून कुणीच सांगितलेलं नाही.

तारखेच्या आधी ये. इकडे येताना धामणकर नाक्यावर उतर, तिथून रिक्षा मिळते. नवऱ्याला आणू नकोस. लवकर ये, बाळ.