चारशे सतरा नंबरचा दगड

दूध वर यायला आणि दारावर थाप पडायला एकच गाठ पडली. गॅस बंद करून दार उघडलं, तर समोर भूगर्भ खात्याचे साहेब. मागे दोघे कर्मचारी. एकाच्या खांद्यावर तारेचं भेंडोळं, दुसऱ्याच्या काखेत बोर्ड.

"वहिनी, अभिनंदन! तुमच्या अंगणातला तो काळा दगड या बेटावरचा सगळ्यांत जुना खडक ठरलाय. वय सहा कोटी वर्षं. आज कुंपण घालतोय. यापुढे त्याला हात लावायचा नाही."

"आणि चादरी?"

"कसल्या चादरी?"

"रात्रीपासून भिजत घातल्यात. त्याच दगडावर धुते मी."

साहेब मनापासून हसले. बायकांनी विचारलेला खरा प्रश्न मोठ्या माणसांना नेहमी विनोदच वाटतो.

दगडाच्या फुटक्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगात आकडा होता, ४१७. चाराची शेपटी जरा जास्तच लांब. असा चार आमच्या गल्लीत एकच माणूस काढतो, आमचे शेजारी नंबरकाका.

एकतीस वर्षं त्यांनी खात्यात एकच काम केलं. कडेकपारीतून दगडाचा तुकडा काढला की त्याच्यावर आणि काढल्या जागी नंबर टाकायचा, आणि नोंदवहीत लिहायचं, कुठला, कसा, कोणाच्या शेजारी. पुढे प्रयोगशाळेत म्हणे, लाव्हा थिजल्यापासून दगडात कोंडत आलेला वायू मोजून त्याचं वय काढतात. काका सांगायचे, "वय ते काढतात. पण म्हातारा कोणत्या घरचा, ते मी लिहिलेलं असतं." घरीही तोच नाद. डबे, कुंड्या, छत्र्या, सगळ्यांवर नंबर. काकू म्हणायच्या, "मी तेवढी सुटले. माझ्यासारखी दुसरी नाही ना, घोळ व्हायची भीती नाही!"

आमच्या दगडाचा नमुना गेल्या वर्षी घेतला. साहेबांना खरं तर उत्तरेच्या कड्याचा तुकडा हवा होता. पण कडा उंच, साहेबांचा गुडघा दुखरा, आणि आमचं अंगण डांबरी रस्त्याला लागून. शिवाय मी दोनदा चहा दिला होता. विज्ञानाच्या या पापात तेवढा वाटा माझाही आहे. साहेबांनी पायानेच दगड दाखवला, "हाच घ्या. जमिनीतून वर आलेला दिसतोय."

काका म्हणाले, "साहेब, हा आपल्या बेटाचा नाही."

"तुम्ही नंबर टाका."

काकांनी नंबर टाकला. पण नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात एक ओळही लिहिली. साहेबांनी ती खोडली, आणि कामाबाहेरचं लिहिल्याबद्दल काकांना लेखी समज दिली. निवृत्तीला दोन महिने उरले होते. एकतीस वर्षांतली ती पहिली समज. त्यानंतर काकांनी ब्रश हातात धरला नाही. काकूंनी मुद्दाम नवे डबे आणून समोर मांडले. काकांनी ते कोरेच फडताळात ठेवले. काकूंची थट्टा त्या दिवसापासून बंद झाली.

आता बोर्ड सरळ केला, तेव्हा या नव्या थराला दिलेलं नाव दिसलं. खडकाच्या थराला माणसाचं नाव द्यायचं नाही, जागेचं द्यायचं, असा नियम आहे. साहेब नियमाचे पक्के. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या गल्लीला आपल्या वडिलांचं नाव लावून घेतलं होतं. आता गल्लीचं नाव थराला. नियमही राहिला आणि वडीलही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. "अहो, जाताय का? की भिंतीआडूनच उसासे टाकणार?"

काका सदऱ्याची बटणं लावत आले. बोर्ड वाचला. पुन्हा वाचला.

"साहेब, बेटाखालचा समुद्रतळ आपणच मोजला होता. नंबर दोनशे सहा. साडेतीन कोटी वर्षं."

"बरं, मग?"

"मग त्याच्यावर उभं राहिलेलं बेट सहा कोटींचं कसं?"

"अगं बाई!" काकू मागून म्हणाल्या. "म्हणजे आईपेक्षा लेक थोरली!"

"विज्ञानात अपवाद असतात," साहेब म्हणाले.

"असतात. पण ते हातगाडीवरून येत नाहीत. रिकामं जहाज कलंडू नये म्हणून तळाशी दगड भरायचे आणि इथे माल चढवताना धक्क्यावर टाकून द्यायचे. वहिनींच्या आजेसासऱ्यांनी त्यातलाच हा आणला. आपल्या दगडात हिरवे कण असतात. ह्याच्यात औषधालाही नाही."

"ऐकीव गोष्टी!"

मला वाद घालता येत नाही. माझ्या चादरी मात्र भिजत होत्या. मी कोपऱ्यातली पहार आणून दगडाखाली घातली, काकूंनी माझ्याबरोबर जोर लावला. साहेब "अहो, अहो!" करेपर्यंत सहा कोटी वर्षं उलटी झाली होती.

थराखाली थर असतो म्हणतात. आमच्या थराखाली ओली माती होती, चार गांडुळं, आणि कडेच्या फटीतून आत गेलेली सासूबाईंची हरवलेली साबणाची डबी. माझ्यावर घेतलेला तो आळ आज धुतला गेला. दगडाच्या पोटावर छिन्नीचे घाव ओळीने उमटलेले होते.

कर्मचाऱ्याने बोर्ड हळूच उलटा करून भिंतीला टेकवला. साहेब गुडघा धरून आमच्या पायरीवर बसले. जरा वेळाने त्यांचा आवाज गोड झाला.

"काका, हे बाहेर कशाला न्यायचं? या दगडावरचा माझा लेख छापून गेलाय. आपण तुमचा सत्कार करू. शाल, मानपत्र. समजेचा कागदही फाडू. आणखी काय हवं, बोला."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. शालीचं नाव निघाल्यावर इतकी काळजीत पडलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

काका दगडापाशी उकिडवे बसले होते. चाराच्या शेपटीवरची माती त्यांनी अंगठ्याने पुसली.

"शाल नको," ते म्हणाले. "चारशे सतराच्या समोर मी लिहिलं होतं, 'हा दगड बाहेरून आणलेला आहे.' ती ओळ खोडलीत. तेवढी परत लिहा."