मुंगीचा चावा

आज सकाळी ओट्यावर बसलो होतो. तांबडी मुंगी डाव्या पायाच्या अंगठ्याला चावली आणि मी ओरडलोच, "अगं, दुखलं!"

चार महिने हा पाय मुका होता. कमरेत शीर दबली होती. भट्टीतली ठिणगी पायावर पडली, तर कातडं जळल्याचा वास आल्यावर मला कळलं. त्याच दिवशी बायकोनं ऐरणीवर पोतं टाकलं. "पायात जीव येईस्तोवर लोहारकी बंद."

शाळा माझी दुसरीपर्यंत, पण दुखण्यातलं मला विचारावं. हातोडा बोटावर बसला की आधी झणकन कळ जाते, ठणका मागून सावकाश येतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघांच्या वाटा वेगळ्या. कळ धावत डोक्यात पोचते, ठणका रमतगमत. मी म्हटलं, बाई, हे ऐरणीनं कधीच शिकवलंय. दुखणं म्हणजे दारातलं कुत्रं. भुंकायचं थांबलं, तेव्हा त्याची किंमत कळली.

"अहो, झटका की तिला!" बायको म्हणाली.

"चावू दे. पोटभर चावू दे."

ती हसली. आतून चिमूटभर साखर आणून तिनं मुंग्यांच्या वाटेवर टाकली. मग ऐरणीवरचं पोतं स्वतःच ओढून काढलं.