शुक्रवारचा दिवा अन् माहा कापूस

काय म्हणते गजानन? "भाऊजीचा कापूस मी वाचवला, अन् मलेच शिव्या!" वाचवला म्हणते! साळा हाय म्हणून सोडला त्याले. घर माहं, कापूस माहा, अन् दिवा विझवणारा हा कोण बे?

तुले पुरं मालूम नाई, म्हणून तू त्याची बाजू घेऊन राह्यला. एस्तेर सिस्टर आमच्या समोरच्या खोलीत किरायानं आली, तवापासून दर शुक्रवारी एक किस्सा होते. आता इतके झाले का कोणता सांगू अन् कोणता ठेवू! बस इथं.

*

सिस्टर सावंगीकडं दवाखान्यात नर्स. ज्यू लोकं हायेत ते, अलिबागकडचे. मराठी आपल्यापेक्षा साफ! पयल्याच शुक्रवारी आमच्या घरच्या बाईनं, सुमननं, तिले जेवाले बलावलं. तर विचारते, "दादा, दिवा तुमच्याकडे लावू की माझ्याकडे?"

म्हटलं, "काऊन? आमच्याकडं लाईट हाय!"

मंग तिनं सांगतलं. शुक्रवारी दिवस बुडायच्या आधी दिवा लावाचा. त्यानंतर शनिवारी चांदण्या निघेपर्यंत आगपेटी नाई, बटन नाई, दिवा विझवणं बी नाई. "बाहेर जेवायला गेलं, तरी जिथे झोपायचं तिथे लावायचा. आणि परत येईपर्यंत तो जळत राहिला पाहिजे. त्याच्या उजेडात बसलं, तरच लावल्याचा अर्थ."

"लावा ना तुमच्याच खोलीत," म्हटलं. मले काय!

*

पयला घास तोंडात घातला, अन् आठोलं. तिच्या खोलीले लागून माहा कापूस! आढ्यापर्यंत!

भाकर हातात धरून पळालो. मागून सिस्टर ओरडली, "दादा, विझवू नका!"

आता काय करता? बसलो दिव्यापाशी, बादलीभर पाणी घेऊन. सिस्टर तिकडं आरामात जेवली. सुमननं माह्या वाट्याचं भरीत बी तिलेच वाढलं!

*

दुसऱ्या खेपेले म्हटलं, "सिस्टर, दिवा आमच्याकडंच लावजा."

"लावते. मग झोपायलाही इथेच येते."

आली! ती अन् सुमन आतमंधी, मी खाट घेऊन अंगणात. किरायदार कोण हाय, तेच समजेना!

*

परत येईपर्यंत दिवा टिकला पाह्यजे, म्हणून ती ज्याच्या घरी जेवण हाय त्याले पाहून तेल टाकते. पोलीस पाटलाकडं जाचं असलं का दोन वाट्या. त्याची बाई गोष्टी सांगू सांगू सोडतच नाई. मास्तराकडं एक वाटी.

"अन् आमच्याकडं?"

"अर्धी. तुम्ही वहिनींशी भांडून लवकर उठता, दादा."

*

शेवटी कापूस मीच हलवला. तिच्या भिंतीपासून काढला अन् आमच्या झोपाच्या खोलीत भरला. सुमन आठ दिवस बोलली नाई. लय आराम भेटला!

अन् मांगच्या शुक्रवारी अल्लीपूरहून आला हा गजानन. सिस्टर आमच्याकडं जेवून राह्यली, हा तिच्या दारात गेला. रिकामी खोली, जळता दिवा. बाजूले अजून कापूसच हाय समजला, अन् मारली फुंकर!

सिस्टर परत गेली तं अंधार. दिवा लावता येत नाई, बटन दाबता येत नाई, आपल्याले "दाबा" म्हणता बी येत नाई, अन् खास तिच्यासाठी कोणी दाबलं तं तो उजेड बी चालत नाई. बसली खाटेवर, अंधारातच. शिव्या दिल्या असत्या तं मले बरं वाटलं असतं!

तेवढ्यात सुमन आली, सुपात तुरीची डाळ घेऊन. खट! बल्ब लावला. "तुमच्यासाठी नाई हो सिस्टर. मले डाळ निवडाची हाय, अन् घरात माह्या नवऱ्याचा कापूस हाय."

सिस्टरनं सुपात पाह्यलं. "वहिनी, डाळ तर स्वच्छ आहे."

"बोलू नका. खडा सुटते."

तू त्याचा दोस्त ना? मंग लाव फोन गजाननाले. म्हण, येत्या शुक्रवारी दिवस बुडायच्या आधी ये, अन् सिस्टरची माफी माग. लाव. माह्यासमोर लाव.