दांड्याखालून पाय

नातीनं गिअरची सायकल घेतली. रविवारी सकाळी मी माझ्या जुन्या लेडीज सायकलवर तिच्यासोबत फुटाळा तलावाकडे निघाले. मुलानं मला दारातच बजावलं, "पुन्हा पडली तं तुझी सायकल भंगारात देईन."

तलावावर पोचल्यावर मी नातीची सायकल मागितली. तिला मधे दांडा. साडीत पाय वरून टाकता येईना. मग लहानपणी वडिलांची उंच सायकल चालवायचे तशी, दांड्याखालून पाय घालून कैची मारली. पण तिथं बाटली ठेवायची जाळी होती. पाय अडकला आणि मी धपकन आडवी.

नातीनं आधी सायकल पाहिली, मग मला.

"आजी, आता बाबाले काय सांगू वं?"

"त्याले मी पाहून घेईन. तू जाळी काढ."

तिनं सीटखालच्या पिशवीतल्या पान्यानं जाळी काढली. मी तलावाच्या टोकापर्यंत जाऊन आले. मजा आली. गिअरला हात लावला नाही.

घरी मुलानं माझं खरचटलेलं कोपर पाहिलं.

"पडली नं? काहून ऐकत नाही वं आई?"

"पडली. पण तुझ्या पोरीच्या सायकलवरून. माझी काहून भंगारात देतं?"