लेइसाऊचं सुळेवालं डुक्कर

फादर सिलासचं नाव काढलं की माझं तोंड कडू होतं. आमच्या बेटांचा देश त्याने स्वतंत्र केला म्हणे! केला असेल. मी सांगते ते माझ्या नणंदेचं, लेइसाऊचं.

तिचा नवरा गराए. टारोचे कंद लावायचा, संध्याकाळी झिंग आणणारा कावा प्यायला बसला की सगळ्यांना हसवायचा. आमच्याकडे सुळेवालं डुक्कर मारलं की पुरुषाला मानाचं नाव मिळतं. गराएची तयारी झाली, आणि हाच सिलास देवळात गरजला, "डुक्कर हवंय की येशू?" गराए भित्रा. त्याने बेत सोडला आणि बिननावाचाच मेला. असा माणूस मेलेल्यांच्या गावाबाहेर ताटकळतो, त्याला कुणी आत घेत नाही.

लेइसाऊने मग त्याच्यासाठी डुक्कर पाळलं. वरचे दात माझ्या नवऱ्याने पाडले, म्हणजे खालचे सुळे न अडता वाढतात. सुळा मोडू नये म्हणून ती त्याला जमीन उकरू देईना, शिजवलेला टारो हाताने भरवायची. स्वतः अर्धपोटी. वर्षं गेली, सुळे वळून कड्यासारखे झाले. मी चिडवायचे, "वन्सं, याच्याशी पाट लावलात की काय?"

"हा निदान वेळेवर जेवायला येतो!"

मग गोऱ्यांचे झेंडे उतरायची वेळ आली. सिलास आता पुढारी झालेला. डोंगरातले सरदार म्हणाले, ज्याने डुक्कर मारलं नाही त्याच्यामागे आम्ही येत नाही. झालं! गळ्यात क्रूस तसाच, आणि स्वारी लेइसाऊच्या अंगणात हजर.

"ताई, देशासाठी दे."

"न्या म्हणते मी. पण सोटा घालताना आधी माझ्या गराएचं नाव पुकारायचं, मग तुमचं. जनावराचा जीव जायच्या आत, नाहीतर मेलेल्यांच्या गावी हाक पोचत नाही."

"क्रूसाची शपथ," म्हणाला मेला.

त्या दिवशी सगळं बेट लोटलं होतं, बँडसुद्धा आणला होता. सोटा बसला, डुक्कर कोसळलं, आणि सिलासने छाती फुगवून स्वतःचंच नवं नाव ठोकून दिलं. पुन्हापुन्हा तेच. डुक्कर थंड झालं तरी गराएचं नाव नाही. लोक नाचत होते. शी!

लेइसाऊ गर्दीतून वाट काढत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "फादर, माझा माणूस राहिला."

तो हसला, तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेला. "अगं, गराए देवाघरी आहे. त्याला डुकराची काय गरज?"

तिने हात झटकला.

"मग तुम्हाला कशाला लागलं?"

सगळे सरदार ऐकत होते. सिलास बँडवाल्यांकडे वळून म्हणाला, "वाजवा रे."